वरची ओळ येईपर्यंत

अंबादासमामांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा माझ्या हातात लाकडी पट्टी होती, आणि माझी सहा वर्षांची मुलगी तनू भिंतीला पाठ लावून माझ्यासमोर उभी होती. रविवारची संध्याकाळ होती. दर सोमवारी तिच्या इंग्रजी शाळेत दहा शब्दांचं डिक्टेशन असायचं आणि दहातले सात शब्द चुकायचे. मी तिच्या हातावर पट्टी मारली होती. जोरात नव्हती मारली, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

दार उघडंच होतं. दारात खालच्या खोलीत राहणारे म्हातारे गृहस्थ उभे होते. मी पट्टी पाठीमागे घेतली. त्यांनी ती पाहिली होती, पण पाहिली नाही असं दाखवायची रीत त्यांच्याकडे होती.

"म्याडम, पाणी आलंय," ते म्हणाले. "मोटर लावा. सातला जातंय."

आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पट्टी टाकून मी आधी मोटरकडे धावले. मागून त्यांचा आवाज आला. "बुज्जी, खाली चल की. शेंगा फोडायच्यात. मला एकट्याला व्हईना."

बुज्जी म्हणजे तेलुगूत लाडाचं 'छकुली'. माझी मुलगी, जी मी हाक मारली तर तीनदा मारावी लागायची, ती एका हाकेत खाली गेली.

माझ्याबद्दल दोन वाक्यं सांगते आणि बाजूला होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मंगळवेढ्याच्या अलीकडे एका वस्तीवर माझी शाळा आहे, रोज एसटीने जाऊन-येऊन करते. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी येतो. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना गोंजारून अक्षरं शिकवायची, मधल्या वेळेत मोबाइलवर कसली कसली माहिती भरायची, सात वाजता घरी यायचं आणि स्वतःच्या मुलीवर खेकसायचं, असा माझा दिनक्रम होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरी भाड्याने राहत होता. वाईट म्हणजे मला ते कळत होतं. पण कळण्यासाठी जेवढी ताकद लागते, तेवढीच माझ्यात उरलेली असायची. वळण्यासाठीची संपलेली असायची.

पाणी भरून झाल्यावर मी खाली गेले. खोली दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात शेगडी, एका कोपऱ्यात लोखंडी खाट, आणि भिंतीला लागून पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांचे गठ्ठे. प्रत्येक पट्टीवर भोकंच भोकं. मामा मांडी घालून बसले होते. उंच, कडकडीत अंगाचा माणूस, पण मान कायमची पुढे वाकलेली. चाळीस वर्षं एकाच कामावर वाकून ती तशीच राहिली होती.

त्या कामाला कार्ड पंचिंग म्हणतात. सोलापुरी चादरीवर मोर असतो, वेल असते, कधी कुणाचं नाव असतं. ते मागावर आपोआप येत नाही. आधी चित्र चौकटींच्या कागदावर उतरवतात. मग चौकटींची एकेक ओळ मोजून तिच्यासाठी पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीवर भोकं पाडतात. अशा शेकडो पट्ट्या ओवून त्यांची माळ मागावर चढवली, की भोक असेल तिथला धागा उठतो आणि नसेल तिथला बसून राहतो. मामांनी चाळीस वर्षं ही भोकं पाडली. नंतर हे सगळं कॉम्प्युटर करायला लागला आणि मामा घरी बसले. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरी बसलेली माणसं गल्लीगल्लीत आहेत. ती सकाळी कट्ट्यावर बसतात आणि ऊन आलं की आत जातात.

"मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, समद्यातली नावं पाडली मी," मामा पुढे एकदा म्हणाले. "तेलुगू वाचतो. मराठी अडकत अडकत. बाकीचं वाचाय येत न्हाय. मोजाय येतंय."

त्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांच्यासमोर एक पुठ्ठा होता. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या होत्या, आडव्या पाच, उभ्या सात. शेजारी वाटीत सोललेले शेंगदाणे.

"तुज्या नावाचं पैलं अक्षर कसं असतं, ते बोटानं हवेत काढ," ते तनूला म्हणाले. तनूने हवेत टी काढला. मामांनी मान तिरकी करून तो पाहिला, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "सरे." हा त्यांचा शब्द. तेलुगूत 'बरं, ठीक'. प्रत्येक कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी तो यायचाच.

"आता खालच्या वळीत, मधल्या चौकटीत, एक दाणा."

तनूने ठेवला.

"त्याच्या वर अजून एक."

तिसरा, चौथा. मी दारात उभी होते. मला राहवेना. दिवसभर चुका दुरुस्त करणाऱ्या माणसाची जीभ सुट्टी घेत नाही. "अहो मामा, टी वरून काढतात, आधी आडवी रेघ. आणि हा तर आय होतोय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्याडम, वरची वळ येईपर्यंत बोलायचं न्हाय."

"म्हणजे?"

"मागावर कापड खालनंच येतंय. चार वळी विणून झाल्या की कुणी बी सांगंल का मोर हाय का कोंबडी हाय? न्हाय सांगणार. थांबाय लागतंय. मालक लोक थांबत न्हाईत, मधीच वरडत्यात. मग पोरगं घाबरून धागा तोडतंय."

तनूने सातव्या ओळीत पाच दाणे मांडले आणि माझ्याकडे मान वर करून बघितलं. दोन तासांपूर्वी ज्या तोंडावर रडं होतं त्याच तोंडाने ती हसली. मला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच.

त्यानंतर तनू शाळेतून आली की मामांकडेच असायची. आधी ती घरमालकिणीकडे टीव्हीसमोर बसायची. मामा काही शिकवतात असं मी कुणाला सांगितलं नसतं, कारण ते शिकवण्यासारखं दिसायचंच नाही. दोघं जमिनीवर बसून काहीतरी मांडामांड करत असायची. त्यांचा एक नियम होता. दाणा चुकीच्या चौकटीत पडला तर ओरडायचं नाही, खोडायचं नाही, तो दाणा उचलून खायचा. पंचिंगमध्ये चुकीचं भोक पडलं तर पट्टी फेकत नाहीत, कागदाचा तुकडा चिकटवून भोक बुजवतात आणि पुढे जातात. हे त्याचंच घरगुती रूप होतं. आठवड्याभरात तनू मुद्दाम चुकायला लागली. मामांच्या ते लक्षात आलं. त्यांनी वाटीत शेंगदाण्यांऐवजी कच्चे हुलगे ठेवले. दोन दिवसांत चुका निम्म्या झाल्या, मग शेंगदाणे परत आले.

कधी ते सुताच्या दोऱ्या घ्यायचे. दर अक्षराला एक रंग, आणि शब्द म्हणजे रंगीत दोऱ्या एकमेकींना गाठ मारून केलेली लांब दोरी. दोन टोकं दोघांनी धरून ओढायची. गाठ सुटली, तर ज्या अक्षरापाशी सुटली ते मोठ्याने म्हणून परत बांधायची. कधी अंगणातल्या फरशीवर खडूने चौकटी आखून गल्लीतल्या पोरांना चौकटीत उभं करायचे. पोरं म्हणजेच दाणे. मामा कट्ट्यावर उभे राहून वरून बघायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या वळीतलं पोरगं सरका जरा, पोट वाकडं झालंय बी चं."

मी डी.एड.ला असताना खेळातून शिक्षण यावर वीस पानी टिपण लिहिलं होतं. चांगले गुण पडले होते.

मैद्याची गोष्ट सांगायलाच हवी. तनूने घरातल्या सगळ्या डब्यांवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या ठरवल्या. मामांनी चिठ्ठ्या कापल्या, तिने लिहिल्या, भाताच्या शितांनी दोघांनी चिकटवल्या. मी उशिरा यायची त्या दिवशी माझ्यासाठी चहा टाकायचं मामांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. किल्ली त्यांच्याकडेच असायची. एका संध्याकाळी एसटी कामतीजवळ बंद पडली, साडेआठला घरी पोचले, पायाचे तुकडे पडायचे बाकी होते. मामांनी कप पुढे केला. मी एक घोट घेतला. चहा नव्हता, खळ होती.

"मामा, यात काय घातलंत?"

"साखर की. पिठी वाटली."

"कुठल्या डब्यातली?"

त्यांनी डबा आणून दाखवला. तनूने त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत मैदा लिहिलं होतं. मामांनी पाच अक्षरं मोजली होती. साखरेला पाच, मिठाला चार, तांदळाला चार, हे त्यांनी मनात बसवलं होतं. पण मीठ ते चाखून घ्यायचे, म्हणून तिथं घोटाळा झाला नव्हता. दोन्ही डबे शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. "दोन्ही पाचच की," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. आपल्या मोजण्यावर त्यांचा फार विश्वास होता. मी मात्र कितीतरी दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले, आणि तनू मला असं हसताना बघून आधी घाबरली आणि मग तीही हसायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी तनूकडे शिकवणी लावली. फी रोज एक शेंगदाणा. ती त्यांना एकेका अक्षराचं नाव सांगायची, ते त्याच्या चौकटी मोजायचे. ती रागवायची, "तात, काल सांगितलं होतं ना." तात म्हणजे आजोबा. मामा म्हणायचे, "म्हाताऱ्याचं डोकं, भोकं बुजल्यात." तिच्या रागवण्यात माझाच सूर होता, तो मला जिन्यावर ऐकू यायचा.

गल्लीत सगळ्यांच्या घरी एक एक चादर होती, जाडजूड, विटकरी रंगाची, आणि सगळ्यांवर एकच नाव होतं. ते नाव कुठल्याशा चेअरमनचं. पण ते उलटं विणलेलं, डोकं खाली पाय वर. मी एकदा विचारलं तेव्हा मामांनी न लाजता सांगितलं. सत्काराच्या चादरी होत्या. मामांना ताप होता आणि त्यांनी पट्ट्यांवर आकडे शेवटाकडून, तेही पालथ्या बाजूला घातले. माळ उलट्या टोकाने मागावर चढली. सगळा माल विणून झाल्यावर मालकाने घडी उलगडली. "हा ढीग माझ्या डोळ्यापुढनं ने," असं म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात नावाचं काम मामांकडून काढून घेतलं. मोर आणि वेली तेवढ्या ठेवल्या. मामांना ते फार लागलं असणार, कारण हे सांगताना ते कधी नाही ते थांबून थांबून बोलले. ढीग त्यांनी लपवला नाही, घरोघर वाटला.

"लोकांनी घेतल्या?"

"घेतल्या की. ऊब काय उलटी लागतीय व्हय?" मग म्हणाले, "आन् म्याडम, पांघरून बगा एकदा. निजणाऱ्याला ते नाव सरळच दिसतंय. ज्याच्या अंगावर हाय, त्याला सरळ दिसाय पायजे. बगणाऱ्यानं मान वळवावी."

आता मी जे केलं ते सांगते. हे लिहायला बसले ते खरं तर त्यासाठीच.

त्या वर्षी फेब्रुवारीत शाळेत पालकांना बोलावलं होतं. वर्गशिक्षिकेने तनूची वही माझ्यापुढे ठेवली. शब्द बरोबर होते. पण दहापैकी सहाच लिहिलेले, पुढची जागा रिकामी.

"शी इज व्हेरी स्लो, मॅम," त्या म्हणाल्या. "आणि बघा, अक्षर खालून वर काढते ती. प्रत्येक अक्षर. बाकीची मुलं पुढे जातात, ही अजून खालीच. हे असंच राहिलं तर पुढच्या वर्गात पाठवणं अवघड आहे. घरी अभ्यास कोण घेतं? तुम्ही स्वतः टीचर आहात ना?"

ते शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं. आजूबाजूला चार पालक उभे होते. मी म्हणाले, "मी नाही घेत. मला वेळ नसतो. खाली एक म्हातारे राहतात, त्यांच्याकडे बसते. अडाणी आहेत हो ते. त्यांना काय कळतंय."

तनू माझा हात धरून उभी होती.

घरी आल्यावर ती सरळ खाली गेली. मी जिन्यावर चपला काढत होते. तिचा आवाज आला, "तात, अडाणी म्हणजे काय?"

"कोण म्हणालं?"

"आई म्हणाली मिसला. तुम्ही अडाणी आहात."

माझा पाय तिथल्या तिथे थांबला. मग मामा म्हणाले, "ज्याचं शिकायचं अजून बाकी हाय, त्याला म्हणत्यात. आई बरोबर बोलली. तू दाणे काढ."

मी तेव्हाच खाली जायला हवं होतं. गेले नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन वेगळंच बोलले. "मामा, परीक्षा जवळ आलीय. थोडे दिवस मीच घेते तिचा अभ्यास."

"सरे," ते म्हणाले. आणि पुठ्ठा तनूच्या दप्तरात घालून दिला.

पंधरा दिवस मी अभ्यास घेतला. पट्टी हातात घेतली नाही, एवढंच. वरून काढ, वरून काढ, असं दिवसाला शंभरदा म्हटलं. दुसऱ्या सोमवारी सकाळी तनूला दारातच उलटी झाली. तिसऱ्या सोमवारी पुन्हा. डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही. मला माहीत होतं काय आहे ते. खालची खोली त्या दिवसांत बहुतेक वेळ बंद असायची. मामा सकाळी निघायचे ते संध्याकाळी यायचे, बोटांना काळा-पिवळा रंग लागलेला असायचा. माझ्याशी बोलायचे, पाण्याची आठवणही करायचे, पण वर यायचे नाहीत.

त्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. मामा. हातात पाटी आणि खडू. वयाच्या बहात्तराव्या वर्षी पाटी घेऊन ते माझ्या दारात उभे होते.

"म्याडम, जरा बगता का?"

ते उंबऱ्यावरच बसले. पाटी गुडघ्यावर ठेवली. खडूने आधी वरची आडवी रेघ काढली, मग मधोमध खाली उभी रेघ ओढली. टी. मग एच. मग बी, ज्याचं पोट जरा वाकडंच झालं. असं करत सव्वीसच्या सव्वीस अक्षरं, सगळी वरून. पाटी तीनदा पुसावी लागली.

"चौकात तो पेंटर हाय की, गाड्यांचे नंबर काढतो, त्याच्याकडं बसलो रोज," ते म्हणाले. "त्यो बी वरनंच काढतंय. त्याचे डबे धुतले, मग दाखवलं त्यानं. आता चालंल का बगा, पोरीला बसवायला." मग पाटीकडे बघत म्हणाले, "पण खरं सांगू का, वरनं काढताना माजा जीव घाबरतोय. खाली कायच न्हाय आन् आधीच छप्पर."

मला माफी मागायची होती. मला इतकी लाज वाटत होती की मी आत जाऊन चहा टाकला. साखर कुठल्या डब्यात आहे हे मामांनीच बाहेरून ओरडून सांगितलं. तनू त्यांच्या मांडीवर जाऊन बसली होती.

तेव्हापासून वहीत वरून आणि पुठ्ठ्यावर खालून अशी वाटणी झाली. तनू पुढच्या वर्गात गेली. कधी पहिली-दुसरी आली नाही, अजूनही येत नाही. पण सोमवारी उलटी झाली नाही. मीही थोडं शिकले. माझ्या शाळेत एखादं लेकरू फळ्याजवळ अडलं की मी मनातल्या मनात सात ओळी मोजते. रोज जमत नाही. चार ओळींनंतर बहुतेक वेळा तोंड उघडतंच. पण चार तर चार.

पाच वर्षं अशी गेली. गेल्या उन्हाळ्यात मामांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. त्यांची मुलगी लक्ष्मी बार्शीला असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. खोलीतल्या पट्ट्यांचे गठ्ठे घरमालकाने रद्दीत घातले. मी त्या दिवशी शाळेत होते. तनूने त्यातल्या चार पट्ट्या काढून ठेवल्या. मग ती दर रविवारी म्हणायची, बार्शीला जाऊ. आणि मी दर रविवारी म्हणायची, पुढच्या. सर्वेक्षण होतं, निवडणुकीचं काम होतं, कपडे होते, पाणी होतं. कारणं सगळी खरी होती. पण चार महिने गेले ते गेलेच.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते बार्शीला, लक्ष्मीच्या घरात. खाटेवर भिंतीला उशी लावून बसवलेले. दाढी वाढलेली. आता मान उभी होती, तिला उशीचा आधार होता. त्यामुळे ते मला कुणी वेगळेच वाटले. डोळे मात्र आम्हाला बघून भरून आले.

"फक्त एकच शब्द ऱ्हायलाय त्यांच्याकडं," लक्ष्मी म्हणाली. "पाणी पायजे तरी सरे, नको तरी सरे. काय करायचं सांगा. बसा की म्याडम." तिने मला मामांच्या उशाशी खुर्ची दिली. तीही दमलेली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो तेवढंच.

तनू आता अकरा वर्षांची आहे. ती खाटेवर पायथ्याशी, मामांच्या समोर मांडी घालून बसली आणि दप्तरातून तो जुना पुठ्ठा काढला. चौकटी पुसट झाल्या होत्या, तिने स्केचपेनने परत आखल्या होत्या. तो तिने दोघांच्या मधे ठेवला आणि लक्ष्मीकडे शेंगदाणे मागितले.

पावणेपाच झाले होते. पाचची एसटी होती. ती चुकली तर साडेसहाची, म्हणजे घरी नऊ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी.

मामांनी डाव्या हाताने एक दाणा उचलला. हात पुठ्ठ्यावर आला, पण त्यांच्या पुढ्यातल्या चौकटींवर थांबला नाही. तो पुढे पुढे गेला, पार तनूच्या बाजूच्या कडेपर्यंत. खांदा ताणला गेला, उशी घसरली. दाणा पलीकडच्या ओळीत मधल्या चौकटीत पडला. दुसरा दाणा त्याच्या अलीकडे. तिसरा शेजारच्या चौकटीत पडला. मामांनी तो उचलला आणि तोंडात टाकला. तनू खुदकन हसली. "चावून खा अप्पा," लक्ष्मी आतून ओरडली.

मला वाटलं, त्यांना जवळचं-लांबचं कळेनासं झालंय. एवढं लांब कशाला हात न्यायचा? मी वाकून पुठ्ठा त्यांच्याकडे फिरवायला गेले, म्हणजे त्यांना सोपं जाईल. तनूने पुठ्ठ्यावर तळहात ठेवला.

"आई, वरची ओळ येऊ दे."

मी हात मागे घेतला. एकेक दाणा उचलायला त्यांना मिनिट-मिनिट लागत होतं. पाच वाजून गेले. रस्त्यावरून एसटी गेल्याचा आवाज आला, आमचीच असावी. मी घड्याळ उलटं करून मनगटाच्या आतल्या बाजूला घेतलं. सहा दाण्यांची एक उभी रांग तनूकडून मामांकडे येत होती. मग मामा टेकले, दम घेतला, आणि त्यांच्या अगदी पोटाजवळच्या ओळीत एकामागून एक पाच दाणे मांडले. या खेपेला हात लांब न्यावा लागला नाही.

"सरे," ते म्हणाले.

मी त्यांच्या बाजूला बसले होते. तिथून मला ते अक्षर उलटं दिसत होतं, जमिनीवर उभी केलेली एक काठी. मी खुर्चीतून उठले, खाटेला वळसा घातला आणि पायथ्याशी गेले. तनू थोडी सरकली. मी तिच्याशेजारी बसले.